धावणारी हाजरा कुठे आहे?

माझ्याजवळ जे आहे त्याला संग्रह म्हणणे थोडे मोठेपणाचे होईल. पलंगाखाली पुठ्ठ्याचा एक चपटा खोका आहे आणि त्यात चौदा कागद आहेत. बारा कागद एका जर्मन कॅलेंडरचे. एक चित्र एलियाहू हनाबींचे, आकाशात चढणाऱ्या अग्निरथाचे. आणि एक आपल्या उरुसात, बकरी ईदच्या आधीच्या बाजारात मिळते ते, हजरत इब्राहिम (अ.) यांच्या कुर्बानीचे. तीस वर्षांच्या नोकरीनंतर माणसाजवळ एवढेच जमले असेल तर त्यावर लेख कशाला, असे कुणी म्हणेल. पण या चौदा कागदांनी मला एक प्रश्न विचारायला शिकवले, आणि तो प्रश्न माझ्या एकट्याचा नाही म्हणून हे लिहितो आहे.

भोसरीच्या एमआयडीसीत, खोकी आणि लेबले छापणाऱ्या एका ऑफसेट छापखान्यात मी मशीन चालवत असे. चाकणच्या गाड्यांच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या सुट्या भागांची खोकी आमच्याकडे छापली जात. खिशात कायम भिंग. एका रंगावर दुसरा रंग नेमका बसला की नाही, हे पाहण्यात माझे आयुष्य गेले. त्यामुळे चित्र दिसले की लोक आधी विषय पाहतात, मी आधी टिपके पाहतो.

साधारण पंधरा वर्षांपूर्वी कुदळवाडीतल्या एका भंगारवाल्याच्या शेडमध्ये, चाकणकडच्या कुठल्याशा ऑफिसातून आलेल्या रद्दीत ते कॅलेंडर मला दिसले. वर्ष उलटून गेलेले, पण कागद जाड आणि रंग असे की पत्र्याच्या शेडमधल्या त्या अंधारात पाने पेटल्यासारखी वाटावीत. पहिले पान निळे, पुढे पिवळे, लाल, हिरवे. पक्षी, मासे, गाढव, सिंह, झाडे आणि न वाचता येणारी हिब्रू अक्षरे. माणूस मात्र कुठे नाही. भंगारवाला उत्तर प्रदेशातला, पाच वक्त नमाजी. तो म्हणाला, "ले जाओ चाचा, इसमें सूरत तो है नहीं, घर में लगा सकते हो." त्या माणसाने मार्क शगालचे नाव आयुष्यात ऐकले नव्हते. तरी त्या चित्रांविषयीची पहिली आणि मला वाटते सर्वात नेमकी समीक्षा त्याचीच.

जेरूसलेमजवळ ऐन करेम येथे हदासा इस्पितळ आहे. तिथल्या प्रार्थनागृहासाठी शगालने रंगीत काचेच्या बारा खिडक्या केल्या. १९६२ मध्ये त्या बसल्या. विषय हजरत याकूब (अ.) यांच्या बारा मुलांचा, म्हणजे बनी इस्राईलच्या बारा कबिल्यांचा. यहुदी धर्मातही प्रार्थनास्थळी मूर्ती आणि मानवाकृती यांच्याविषयी मनाई आहे. शगालने ती पाळली. बारा भाऊ दाखवायचे आणि एकाही भावाचा चेहरा काढायचा नाही, अशी ही अट. यहूदाच्या लाल खिडकीत मुकुट धरलेले दोन हात तेवढे येतात.

यूसुफची खिडकी सोनेरी पिवळी आहे. ज्यांच्या सौंदर्याची कहाणी आपण लहानपणी अम्मीच्या मांडीवर ऐकली, ज्या सूरेतल्या किश्श्याला कुरआनाने सर्वात सुंदर किस्सा म्हटले, ते यूसुफ (अ.) इथे दिसतच नाहीत. झाड आहे, पक्षी आहे आणि पिवळा रंग आहे. चेहरा काढला असता तर तो कुणातरी एका देखण्या मुलाचा चेहरा झाला असता. चेहरा वगळला म्हणून सगळे सौंदर्य रंगावर येऊन पडले. ज्यांना वाटते की मनाईमुळे कला खुरटते, त्यांनी हे एक पान पाहावे. आपले तुघ्रे, आपल्या मशिदींच्या जाळ्या आणि ही खिडकी यांचे नाते काका-पुतण्यांचे आहे.

आता भिंगाची गोष्ट. घरी येऊन मी ते पान भिंगाखाली धरले आणि हिरमुसलो. चार रंगांचे टिपके, गुलाबाच्या पाकळ्यांसारखे गोल मांडलेले. म्हणजे ऑफसेट, आम्ही भोसरीत छापतो तसलेच. खाली मात्र लिथोग्राफ असा शब्द. पुढे वाचून उलगडा झाला. शगालने खिडक्यांसाठी आधी रंगीत नमुने केले. त्या नमुन्यांवरून पॅरिसच्या मूर्लो छापखान्यातले निष्णात कारागीर शार्ल सोर्लिए यांनी लिथोग्राफ केले. त्या लिथोग्राफचा फोटो काढून कॅलेंडर छापले. काच वेगळी, नमुना वेगळा, लिथोग्राफ वेगळा आणि माझे कॅलेंडर चौथ्या पायरीवरचे. बाजारात मात्र चारही पायऱ्यांवर एकच नाव लावून विकतात.

लिथोग्राफ म्हणजे शिळाछाप. १७९० च्या दशकात बव्हेरियात आलोइस झेनेफेल्डरने ही रीत शोधली. गुळगुळीत चुनखडीच्या दगडावर तेलकट खडूने चित्र काढायचे, दगड ओला करायचा, शाई फिरवायची. तेलकट रेषा शाई धरते, ओला दगड ती नाकारतो. रंगीत चित्राला प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड आणि प्रत्येक दगडाची जागा केसाइतकी अचूक. खऱ्या शिळाछापात भिंगाखाली टिपक्यांची रांगोळी दिसत नाही. खडूचा खरखरीत दाणा दिसतो, जणू चित्रकाराचा हात आत्ताच कागदावरून उठला आहे.

हा दगड आपल्याला परका नाही. उर्दूची नस्तालीक लिपी खिळ्यांत नीट बसत नव्हती, म्हणून कातिबाने लिहायचे आणि दगडावरून छापायचे, अशी उर्दू छपाईची रीत पडली. १८५८ मध्ये सुरू झालेल्या लखनौच्या नवलकिशोर प्रेसपासून आपल्या आजोबांच्या कपाटातल्या पुस्तकांपर्यंत तीच रीत. मराठीतही १८३१ मध्ये मुंबईत गणपत कृष्णाजींनी पंचांग छापले ते शिळेवरच. आणि १८४६ मध्ये त्याच मुंबईत बेने इस्रायली समाजाने वल्हांडणाच्या रात्री वाचायची हग्गादा हिब्रू मजकूर आणि मराठी भाषांतरासह छापली, तीही शिळेवर. पंचांग, किस्से-कहाण्या आणि हग्गादा, सगळ्यांच्या पाठीखाली दगड एकाच जातीचा.

आमच्या पट्ट्यातही ही कला नांदून गेली. पुण्याहून लोकलने लोणावळ्याकडे निघालात की पिंपरी, चिंचवड, आकुर्डी मागे पडतात आणि लोणावळ्याच्या अलीकडे मळवली येते. राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत काढलेला रंगीत शिळाछापखाना पुढे इथेच आला आणि फ्रिट्झ श्लाइखर या जर्मन तंत्रज्ञाने तो चालवला. देवादिकांची चित्रे घराघरांत गेली ती इथून. १९७२ मध्ये छापखाना आगीत गेला. गाडी मळवलीला थांबते तेव्हा अजूनही मी उगाच खिडकीतून बाहेर बघतो.

बेने इस्रायलींविषयी थोडे सांगायला हवे, कारण खोक्यातले दुसरे चित्र त्यांचे आहे. कोकणात हे लोक घाण्यावर तेल गाळत आणि शनिवारी काम बंद ठेवत, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. मराठी हीच त्यांची मायबोली. पुण्यात १८७४ मध्ये त्यांची एक सचित्र हग्गादा छापली गेली. तिच्यात बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका साड्या नेसून जमिनीवर बसल्या आहेत. मिसरमधून सुटकेची कथा, हजरत मूसा (अ.) यांची, आणि भाकरी थापण्याची बैठक आपल्या कोकणातल्या खालांची. बायबलच्या चित्राने मराठी घर पाहिल्याचे याहून गोड उदाहरण मला माहीत नाही.

एलियाहू हनाबी म्हणजे आपले हजरत इलियास (अ.). अलिबागजवळ खंडाळे गावी खडकावर उमटलेल्या खुणांना त्यांच्या रथाच्या खुणा मानतात. एलियाहू हनाबीचा टापा असे त्या जागेचे नाव. नवस फेडताना मलिदा करतात. त्यांचा मलिदा गोड पोहे, खोबरे आणि फळांचा, आपला दर्ग्यावरचा चपाती, तूप आणि गुळाचा. रास्ता पेठेतल्या माझ्या एका बेने इस्रायली मित्राने कायमचे इस्रायलला जाताना भिंतीवरचे हे चित्र काढून माझ्या हातात दिले. बाजारी छपाई. घोड्यांचा लाल रंग रेषेबाहेर सांडलेला, रजिस्ट्रेशन चुकलेले. माझ्या मशीनवर असा कागद निघाला असता तर मी तो रद्दीत टाकला असता. पण शगालच्या कॅलेंडरला हात लावताना जपावे लागते तेवढेच या चित्राला लावतानाही जपावे लागते, कारण त्यासमोर दोन पिढ्यांनी दिवा लावलेला आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. विसाव्या शतकातल्या ज्या रंगीत शिळाछापांना बाजार ‘यहुदी बायबल विषयक’ असे नाव देतो, त्यांतली माणसे कोण आहेत? आदम, नूह, इब्राहिम, याकूब, यूसुफ, मूसा, दाऊद, सुलेमान, अय्यूब. यांतले कोण आपल्याला परके आहे? म्हणून चित्र पाहताना मुसलमान वाचकाने पाहुण्यासारखे दाराशी उभे राहण्याचे कारण नाही. घरच्या माणसासारखे आत जावे आणि घरच्या माणसासारखेच चार प्रश्नही विचारावेत.

पहिला प्रश्न चेहऱ्याचा. शगाल १८८७ मध्ये वितेब्स्कजवळ जन्मला. प्रकाशक आम्ब्रोआझ व्होलारने बायबलच्या चित्रांचे काम दिले तेव्हा १९३१ मध्ये तो पॅलेस्टाइनला जाऊन आला. तरी त्याचे नबी वितेब्स्कच्या गल्लीतले गरीब यहुदीच राहिले. ते बायबल १०५ कोरीव चित्रांचे, काळ्या रंगातले. १९५६ मध्ये पुरे होऊन निघाले. त्याच्या मूसांच्या कपाळावर प्रकाशाचे दोन झोत असतात. जुन्या लॅटिन भाषांतराने हिब्रू शब्दाचा अर्थ शिंगे असा घेतला आणि युरोपातल्या शिल्पकारांनी मूसांना खरोखरची शिंगे लावली. शगालने ती पुन्हा नूर केली. १९६६ च्या त्याच्या निर्गमनावरील संचात चोवीस रंगीत लिथोग्राफ आहेत. ते पुस्तकांत पाहताना माझे लक्ष दर वेळी त्या दोन झोतांकडे जाते.

आबेल पान (१८८३–१९६३) याची रीत उलटी. लाटव्हियातून येऊन तो जेरूसलेमला स्थिरावला, व्हिएन्नाहून शिळाप्रेस आणवला आणि १९२० च्या दशकात उत्पत्तीच्या कथांचे रंगीत शिळाछाप काढले. त्याला वाटे, बायबलची माणसे पूर्वेकडचीच दिसायला हवीत. म्हणून त्याने बदाऊ अरब आणि येमेनी यहुदी मुली समोर बसवल्या. चित्रे मोहक आहेत. पण इथे मी जरा थांबतो. अरबाचा चेहरा, त्याचा फेटा, त्याचे डोळे घेतले आणि नाव दिले इब्राहिमच्या घराण्यातल्या पूर्वजाचे. मग त्या जमिनीवर त्या क्षणी राहणारा अरब चित्रात कुठे गेला? तो प्राचीन झाला, वर्तमानातून हद्दपार झाला. पानच्या मनात वाईट होते असे मी म्हणत नाही. चित्रकाराच्या हेतूपेक्षा चित्राचा हिशेब वेगळा असतो, एवढेच.

दुसरा प्रश्न हाजराचा, आणि माझ्या मते संग्राहकाने हाच प्रश्न हातात धरून संच तपासावेत. १९६० मध्ये ‘व्हर्व’ या फ्रेंच कलापत्रिकेच्या विशेषांकात शगालचे बायबलवरचे चोवीस रंगीत लिथोग्राफ निघाले. त्यांत स्त्रिया ठळकपणे येतात. सारा आहे, राहेल आहे, तामार, रूथ, एस्तेर आहेत आणि वाळवंटातली हाजराही आहे. पूर्वज म्हटले की दाढीवाले पुरुष, या सवयीला शगालने दिलेला हा छेद मोठा आहे. त्याने हाजराला वगळले नाही. आपल्या बाजूने हे मान्य केले पाहिजे.

पण ज्या ग्रंथातून तो चित्र काढत होता, त्या ग्रंथातली हाजरा पाणी संपल्यावर मुलाला झुडपाखाली टाकते, बाणाच्या टप्प्याइतकी दूर जाऊन बसते आणि रडते. मग फरिश्ता हाक मारतो. आपल्या परंपरेतली बीबी हाजरा बसत नाही. ती सफावरून मरवाकडे, मरवाहून सफाकडे सात वेळा धावते. दोन्हीकडे आई तीच, तहान तीच. फरक आहे तो बसण्याचा आणि धावण्याचा. युरोपच्या चित्रपरंपरेत करुणा आहे, पण ती बसलेल्या बाईविषयीची करुणा आहे. शेवटपर्यंत हातपाय हलवणारी बाई तिथे नाही. त्यांच्या ग्रंथात ती नाही, म्हणून चित्रकाराला दोष देता येत नाही. पण पाहणाऱ्याने ही उणीव ओळखली पाहिजे.

आणि मग भिंग आपल्याकडे वळवले पाहिजे. खोक्यातले चौदावे चित्र काढा. हजरत इब्राहिमांच्या हातात सुरी, डोळ्यांवर पट्टी बांधलेला मुलगा, वरून दुंबा घेऊन उतरणारा फरिश्ता. अशा चित्रांत इब्राहिमांचा चेहरा कधी उघडा, कधी नूरच्या वलयात. रचना नीट पाहिली तर ती युरोपातल्या बायबलचित्रांची धाकटी बहीण वाटते. कुणा छापखान्याने तिकडचे चित्र समोर ठेवून इकडचे केले असावे, असे माझे छपाईवाल्याचे मत. यहुदी आणि ख्रिस्ती म्हणतात तो मुलगा इसहाक, आपण म्हणतो इस्माईल (अ.). कुरआनात त्या ठिकाणी मुलाचे नाव येत नाही. जुन्या मुफस्सिरांत दोन मते होती, आणि तबरींसारख्या थोर भाष्यकाराने इसहाक (अ.) यांचा पक्ष घेतला होता. पुढे इस्माईल हे मत रूढ झाले. म्हणजे चित्राखालचे नाव बदलले की चित्र एका घरातून दुसऱ्या घरात जाते.

पण आई कुठे आहे? शगालने याच विषयावर केलेले मोठे तैलचित्र नीस येथील संग्रहालयात आहे. त्यात झाडापाशी सारा हात उंचावून उभी आहे. आपल्या बाजारी चित्रात आईला जागाच नाही. ज्या बाईच्या धावण्याशिवाय हज पुरा होत नाही, तिला आपण काबा-मदिन्याच्या कॅलेंडरांत, बुराकच्या चित्रांत, कुर्बानीच्या चित्रांत कुठेही घेतलेले नाही. हे मनाईमुळे झाले असे म्हणता येत नाही. मनाई असताना आपण इब्राहिमांचा चेहरा छापला, बुराकला बाईचे तोंड दिले. राहिली ती फक्त आई. मनाईचा आधार आपण सोयीने घेतला, असे मी म्हणतो, आणि कुणी मला खोटे ठरवले तर आनंदच होईल.

ही उणीव थोडी भरून काढली ती मुंबईच्या एका बेने इस्रायली मुलीने. सियोना बेंजामिन मुंबईत वाढल्या, अमेरिकेत राहतात. त्या शिळाछाप नव्हे, लघुचित्रांच्या वळणाची रंगचित्रे काढतात. त्यांच्या स्त्रिया निळ्या रंगाच्या. ‘फाइंडिंग होम’ या मालिकेतल्या एका चित्रात सारा आणि हाजरा एकमेकींना मिठी मारून आहेत. ग्रंथांत ज्या सवती, त्या इथे बहिणी. धावणारी हाजरा इथेही नाही. पण तिला निरोप देणारे दार इथे बंद नाही, एवढे खरे.

संग्रह करू पाहणाऱ्या तरुणांसाठी छपाईवाल्याच्या चार गोष्टी. भिंग घ्या. टिपक्यांची रांगोळी दिसली की ती ऑफसेट नक्कल, मग खाली काहीही लिहिलेले असो. ‘व्हर्व’च्या १९६० च्या पानांवर सही नसते आणि मागे काळ्या रंगातले दुसरे चित्र असते. अशा पानावर पेन्सिलीची सही दिसली तर सावध व्हा. साल्वादोर दालीने १९६८ मध्ये ‘अलिया’ नावाचा पंचवीस चित्रांचा संच केला. या दालीने पुढे कोऱ्या कागदांवर ढिगाने सह्या केल्या, त्यामुळे त्याच्या नावावर भरपूर बनावट माल फिरतो. आणि पैसे नसतील तर नक्कल घ्या, नक्कल म्हणून घ्या. नकलेवरही विचार अस्सल करता येतो.

ऑक्टोबर २०२३ नंतर एका जिवलग मित्राने मला विचारले, "गाझात पोरे मरताहेत, आणि तू यहुद्यांची चित्रे जपतोस?" मी लगेच उत्तर देऊ शकलो नाही. कॅलेंडरच्या खिडक्या जिथे आहेत त्या ऐन करेममधले अरब रहिवासी १९४८ मध्ये घरे सोडून गेले आणि परत येऊ शकले नाहीत, हे मला तोवर वाचून ठाऊक झाले होते. १९६७ च्या युद्धात त्या खिडक्यांतल्या चार खिडक्यांना इजा झाली, तेव्हा शगालने त्या दुरुस्त केल्या आणि युद्धाची खूण म्हणून थोडी इजा तशीच राहू दिली. घरांच्या खुणा मात्र कुणी काचेत ठेवल्या नाहीत. हे सगळे मी मित्राला सांगितले आणि म्हणालो, चित्र फेकून दिले तर हा हिशेब मागायचा कुणाकडे? याकूब, यूसुफ आणि हाजरा एखाद्या सरकारच्या नावावर लिहून देण्याइतके माझे मन मोठे नाही. मित्राचे समाधान झाले नाही. तो अजून अधूनमधून तोच प्रश्न विचारतो, आणि त्याने विचारत राहावे असे मला वाटते.

फेब्रुवारी २०२५ मध्ये कुदळवाडीतली भंगाराची हजारो शेडे पाडली गेली. महिन्याभराने मी तिकडे गेलो. कॅलेंडर देणारा माणूस भेटला नाही. कुणी म्हणाले चाकणच्या पुढे कुठे जागा शोधतो आहे, कुणी म्हणाले बायको-मुलांसह गावी गेला. उरलेल्या राडारोड्यात एक बाई हातात पाण्याचा कॅन घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत जात होती. टँकर कुठे थांबतो ते कुणालाच नक्की सांगता येत नव्हते. मी तिला वाट दाखवू शकलो नाही. घरी आलो, खोका उघडला आणि चौदाही कागद पुन्हा एकदा पाहिले. ती त्यांत नव्हती.